पिकलं पान म्हणून सोडून देऊ नका

संत तुकाराम महाराजांची पालखी सणसरहून निघते, बेलवाडीला गोल रिंगण होतं आणि निमगाव केतकीच्या वाटेवर लासुर्णे लागतं. 2020 आणि 2021 अशी दोन वर्षं कोविडमुळे ही वाट सुनी राहिली. पादुका एसटी बसनं पंढरपूरला गेल्या. पायी वारीची ताकद सरलेल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसांसाठी रस्त्याकडेला बसून घेतलेलं दर्शन हीच वारी असते. त्यातच 65 वर्षांवरच्यांनी घरातच थांबावं, अशी सूचना केंद्र सरकारनं दिली होती. पारावरची बैठक, देवळातलं भजन, आठवड्याचा बाजार सगळंच थांबलं. विषाणूपासून जीव वाचवायला ते गरजेचं होतं. पण थकलेलं मन ज्या आधारांवर तग धरतं, तेही त्याबरोबर गेले, आणि त्याकडे आपण फारसं पाहिलं नाही.

साथ आणि म्हातारपण यांचा संबंध 2003 मध्ये हाँगकाँगमध्ये ठळकपणे दिसला होता. सार्सच्या त्या वर्षी तिथं 65 वर्षांवरील लोकांमधलं आत्महत्यांचं प्रमाण वाढलं. संशोधकांना त्यामागे आजाराची भीती, तुटलेला संपर्क आणि ‘आपला घरच्यांना भार होतोय’ ही भावना दिसली. कोविडचं चित्र मात्र सरळ नव्हतं. पहिल्या काही महिन्यांत 21 देशांच्या आकडेवारीत आत्महत्यांची सरसकट वाढ आढळली नाही. अनेक पाहण्यांत तर तरुणांपेक्षा वृद्धच जास्त स्थिर दिसले. त्याचं मला नवल वाटत नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी ऐन उमेदीत पाहिला, त्यांना संकट नवं नव्हतं. पण सरासरीच्या आकड्यात एकटी पडलेली माणसं दिसत नाहीत. ज्यांना ऐकू कमी येतं, ते समोरच्याचे ओठ पाहून बोलणं जुळवतात. मास्कनं ते ओठ झाकले. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली. साठ वर्षांचा जोडीदार गेला, तरी गळ्यात पडून रडायला कुणी जवळ येऊ शकत नव्हतं.

अतिवृद्धांमधलं नैराश्य ओळखणं अवघड असतं, कारण ते ‘मी उदास आहे’ असं क्वचितच सांगतात. तोंडाला चव नाही, झोप लागत नाही, अंग जड झालंय, गुडघे फार दुखतात, अशाच तक्रारी येतात. कधी विसराळूपणा इतका वाढतो, की घरच्यांना स्मृतिभ्रंश वाटतो. रक्तदाब आणि मधुमेहामुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या, तर भावना आणि उत्साह सांभाळणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागाचे दुवे कमकुवत होतात. म्हणजे यात मनाइतकाच शरीराचाही वाटा असतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या 8.3 टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं आढळली. पण ‘डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलंय’ असं सांगणारे एक टक्काही नव्हते. उरलेल्यांच्या बाबतीत ‘वय झालं’ एवढं म्हणून आपण मोकळे झालो.

ते धोक्याचं आहे. वृद्धांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न तरुणांपेक्षा कमी होतात, पण त्यातून जीव जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. शरीर थकलेलं, मदतीला जवळ कुणी नाही, आणि आधी वाच्यताही केलेली नसते. ‘देवानं आता न्यावं’ असं म्हणणारी प्रत्येक आजी धोक्यात असते असं नाही. मात्र तीच आजी जेवण आणि गोळ्या टाळू लागली, ‘माझ्यामुळं तुमचे हाल’ असं पुन्हापुन्हा म्हणू लागली, सगळ्याची निरवानिरव करू लागली, तर जवळ बसून थेट विचारावं: ‘आई, जीव नकोसा वाटतो का? स्वतःचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट मन मोकळं व्हायला वाट मिळते. अशा वेळी शेतीची औषधं घरात ठेवू नयेत आणि माणसाला एकटं सोडू नये.

उपचार होतो, आणि त्यासाठी दर वेळी मोठं रुग्णालय लागतंच असं नाही. शेजारच्या गोव्यात साठीपुढच्या, नैराश्याची सौम्य लक्षणं असलेल्या 181 जणांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी त्यांतल्या 91 जणांना रोजच्या अडचणी टप्प्याटप्प्यानं सोडवायला शिकवलं, झोपेच्या सवयी सुधारल्या, मधुमेह-रक्तदाबाची काळजी समजावली, सरकारी योजनांपर्यंत पोचवलं. वर्षभरात त्यांच्यापैकी चौघांना पूर्ण नैराश्य आलं. नेहमीचीच सेवा मिळालेल्या 90 जणांमध्ये हा आकडा 13 होता.

हे लासुर्ण्यात, इंदापूर-बारामतीच्या कुठल्याही गावात करता येण्यासारखं आहे. रक्तदाब तपासतानाच ‘झोप लागते का, कशात मन रमतं का’ हे दोन प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारले जावेत, आणि पुढच्या साथीत वृद्धांना घरात थांबवायची वेळ आलीच, तर रोज दारात जाऊन विचारपूस करणारं माणूसही त्याच आदेशात नेमलेलं असावं. तोवर आपल्या घरातलं म्हातारं माणूस गप्प झालं असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्या, किंवा टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं आणि तो दिवसरात्र चालू असतो.