काडतूस महाग म्हणून नेम पक्का?

तूर फुलोऱ्यावर आली, हरभऱ्याला घाटे धरू लागले की बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, रात्रीच्या जागलीत विषय एकच असतो : रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. बोलणे पुढे सरकत बंदुकीवर येते आणि मग कोणीतरी ठासून सांगतो, ‘काडतूस बदला, नेम आपोआप सुधारतो.’ यात थोडे खरे आहे, बरेचसे ऐकीव आहे आणि काही भाग धोक्याचा आहे.

धोक्याचा भाग आधी. पीकसंरक्षणासाठी मिळालेला शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची परवानगी, असे अनेकांना मनापासून वाटते. तसे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. उभे पीक उद्ध्वस्त करणारा रोही किंवा डुक्कर मारायचा तरी वन खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हातात हवी. शस्त्र बाळगण्याचा कागद वेगळा, प्राणी मारण्याचा वेगळा. ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीला लागून ज्यांची शेते आहेत त्यांनी तर हे विसरूच नये. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातून तेराशे किलोमीटरहून अधिक पायपीट करून एक वाघ याच जंगलात येऊन राहिला होता. अंधारात झुडूप हलले म्हणून गोळी सोडणाऱ्याला पलीकडे काय आहे ते दिसत नसते.

दुसरा घोळ शस्त्राच्या जातीचा. गावात ‘बंदूक’ म्हटले की त्यात सगळेच येते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात मात्र पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि संरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. बारा बोर ही याच गुळगुळीत जातीतली. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल, ती बारा बोर. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. तिच्यातून छर्रे पसरत जातात. रायफलच्या नळीला आतून पिळदार खाचा असतात आणि त्या एकाच गोळीला स्वतःभोवती फिरवत बाहेर काढतात. पुढे जे लिहिले आहे ते रायफलपुरते. हे गणित बारा बोरला लावणे व्यर्थ आहे.

आता मूळ प्रश्न : महाग काडतूस म्हणजे अचूक काडतूस का?

अचूकता किमतीत नसते, सारखेपणात असते. प्रत्येक काडतुसात दारू तेवढीच, गोळीचे वजन तेवढेच, टोपीचा भडका तेवढाच, गोळी पुंगळीत तेवढीच खोल बसलेली. हे जितके एकसारखे, तितक्या गोळ्या एका जागी पडतात. चांगला कारखाना यासाठीच पैसे घेतो, हे मान्य. पण गोष्ट तिथे संपत नाही. बार उडाला की नळी थरथरते, छेडलेल्या तारेसारखी. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड त्या थरथरीत नेमके कुठे आहे, यावर गोळीची दिशा थोडी बदलते. वेगवेगळ्या गोळ्या नळीत वेगवेगळा वेळ घेतात, म्हणून एकाच रायफलला एक काडतूस मानवते आणि दुसरे मानवत नाही. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी बनलेल्या दोन रायफलींची आवडही जुळेलच असे नाही. शेजाऱ्याच्या रायफलला जे लागू पडले ते आपल्यालाही लागू पडेल, या विश्वासाला म्हणूनच आधार नाही.

याचा सर्वांत शुद्ध नमुना आपल्याच मातीत आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवले. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली. या खेळात ५० मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. या पातळीवरचे नेमबाज पॉइंट टू-टूच्या काडतुसांचा नुसता ब्रँड पाहत नाहीत, लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेला साठा, पाहतात. रायफल शिकंज्यात घट्ट धरायची, एकेका लॉटच्या गोळ्या झाडायच्या, जो लॉट सर्वांत लहान ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) देईल तो खोकी भरून विकत घ्यायचा. कंपनी तीच, खोके तेच, भाव तोच, तरी एक लॉट पसंत आणि दुसरा नापसंत. आणि ही काडतुसे वेगवानही नसतात. आवाजाच्या वेगाची सीमा ओलांडताना हलकी गोळी डगमगते, म्हणून ती मुद्दाम त्या वेगाखाली ठेवलेली असतात.

त्यामुळे ‘जास्त वेग, जास्त नेम’ हेही खोटे पडते. तसेच ‘जड गोळी स्थिर जाते’ हे. गोळी किती स्थिर राहील हे वजनापेक्षा तिची लांबी आणि नळीचा पीळ यांवर ठरते. अल्फ्रेड ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले : गोळीच्या व्यासाचा वर्ग, गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. ७.८२ मिलिमीटर व्यासाची, ३० मिलिमीटर लांबीची गोळी घेतली तर उत्तर येते सुमारे ३०६ मिलिमीटर, म्हणजे १२ इंचांत एक फेरा. त्याच नळीत बरीच लांब गोळी घातली तर पीळ अपुरा पडतो, गोळी हेलकावते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फाटलेले भोक दिसते. असे भोक दिसले की ते काडतूस बाजूला ठेवावे.

‘तीन गोळ्या टाकल्या, तिन्ही चिकटून बसल्या, झाले!’ हा तर सगळ्यांचा लाडका पुरावा. तीन गोळ्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. त्याच रायफलने तेच काडतूस वापरून दहा गोळ्या झाडल्या तर ग्रुप सरासरीने दीडपटीहून मोठा निघतो. काडतूस बिघडलेले नसते. आधीचे माप अपुरे होते. शिवाय काडतूस बदलल्यावर नळीत आधीच्या गोळ्यांनी सोडलेला थर असतो, म्हणून नळी साफ करून पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत. हे सारे करायचे ते परवानाप्राप्त रेंजवरच, बांधावर नव्हे. पॉइंट टू-टूची इवलीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते.

ग्रुप लहान असणे आणि तो मध्यावर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या काडतुसाच्या गोळ्या एकमेकींना चिकटून, पण चार बोटे खाली पडल्या तर लोक काडतुसाला नावे ठेवतात. खरे तर ते उत्तम आहे. फक्त दुर्बीण किंवा माशी नव्याने जुळवायला हवी. गोळी कधीच सरळ रेषेत जात नाही. १०० मीटर जायला तिला ०.१५ सेकंद लागले तर तेवढ्यात ती ११ सेंटिमीटर खाली येते. २०० मीटरला ०.३२ सेकंद लागले तर अर्धा मीटर. वेग बदलला की ही आकडेवारी बदलणारच.

हवामानही यात हात घालते. मे महिन्यात मलकापूर-खामगावकडे पारा ४५ च्या घरात जातो. उन्हात उभ्या गाडीत राहिलेल्या काडतुसातली दारू जास्त जोमाने जळते, दाब आणि वेग दोन्ही वाढतात. उन्हाळ्यात जुळवलेली रायफल पौषातल्या पहाटे थोडी खाली मारते ती त्यामुळेच.

आपल्याकडे निवडीला वाव तसा कमीच. ईशापूरच्या कारखान्यातली ०.३१५ बोरची रायफल आणि तिला खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे काडतूस, ही पिढ्यान्‌पिढ्यांची जोडी. पुंगळीच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे खडकीची. परदेशी शौकीन घरीच काडतुसे भरतात, ते पाहून इकडे कोणी हात चालवू नये. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. ०.३१५ आणि थ्री-नॉट-थ्री ही नावे जवळची वाटली तरी काडतुसे वेगळी आहेत, आणि थ्री-नॉट-थ्री प्रतिबंधित बोरात मोडते. नळीवर जो बोर कोरलेला आहे, परवान्यावर जो लिहिलेला आहे, तेवढाच आपला.

तेव्हा खर्च करायचाच तर महाग खोक्यावर करू नका. एकाच लॉटची काडतुसे घ्या, लॉट क्रमांक वहीत लिहा आणि दोन लॉट एकत्र मिसळू नका. बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, लगेच उघडू नका. आजोबांच्या पेटीत सापडलेली, हिरवा गंज चढलेली काडतुसे झाडून पाहू नका, फोडूनही पाहू नका. पोलिस ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या.