संगणकयुगातील ग्रंथालय आणि धम्मग्रंथांचे जतन

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे चार शतके बुद्धवचन मुखोद्गत परंपरेने टिकून राहिले. दीघनिकाय जपणारे दीघभाणक, मज्झिमनिकाय जपणारे मज्झिमभाणक अशी संघात विभागणी होती. इ.स.पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, सिंहलद्वीपात तिपिटक अट्ठकथांसह प्रथम लिपिबद्ध झाले. लेखन आले म्हणून पठण संपले नाही. साधन बदलले, जतनाची जबाबदारी मात्र संघाकडेच राहिली. ग्रंथ संगणकावर आल्याने ग्रंथालयांची गरज संपली काय, या आजच्या प्रश्नाचा विचार करताना हा इतिहास ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

संगणकाने झालेला लाभ निर्विवाद आहे. भिक्खु जगदीश काश्यप यांनी 1956 ते 1961 या काळात नालंदा येथून तिपिटकाचे 41 देवनागरी खंड सिद्ध केले. पुढे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठसंगायनाची संहिता 1997 मध्ये संगणकीय तबकडीवर आणली आणि नंतर ती इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध केली. आज कुर्डुवाडीचा विद्यार्थी भ्रमणध्वनीवर एक शब्द टाकून मूळ संहिता, अट्ठकथा व टीका यांतील त्याचे सर्व उल्लेख क्षणात काढू शकतो.

परंतु उल्लेख सापडणे म्हणजे अर्थ कळणे नव्हे. अंगुलिमालाच्या गुरूने हजार बोटांची दक्षिणा मागितली, ही कथा मज्झिमनिकायातील अंगुलिमालसुत्तात नाही. ती अट्ठकथेतील आहे. मूळ वचन कोणते आणि नंतरचे विवरण कोणते, हा विवेक यंत्र आपल्या वतीने करीत नाही. तो शिकविणारा जाणकार ग्रंथपाल व अध्यापक ही ग्रंथालयाची पहिली आवश्यकता होय.

दुसरी आवश्यकता जतनाची. 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाल्यावर कुर्डुवाडीस अडीच फुटी रूळ आणि मोठी लाइन यांचा संगम झाला. एका गाडीतील माल उतरवून दुसरीत भरावा लागे. जो भरला जाणार नाही तो फलाटावरच राहणार. कागदावरून संगणकावर जाताना आपल्या चळवळीच्या साहित्याची हीच अवस्था होण्याचा धोका आहे. बाबासाहेबांचे लेखन व भाषणे महाराष्ट्र शासनाने 1979 पासून खंडरूपाने प्रकाशित केली आणि ती आता संगणकावरही वाचता येतात. मात्र गावोगावच्या जलशांच्या पुस्तिका, परिषदांची हस्तपत्रके, जयंतीच्या स्मरणिका हलक्या कागदावर छापलेल्या असून घराघरांत जीर्ण होत आहेत. त्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. त्या नष्ट झाल्या तर सामान्य कार्यकर्त्यांचा इतिहास इतरांच्या कागदपत्रांवरूनच लिहावा लागेल.

संगणकीय प्रतही अनित्यच आहे. त्या काळच्या तबकड्या वाचण्याची सोय आजच्या बहुतेक संगणकांत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठी मजकूर तो फॉन्ट नसेल तर निरर्थक चिन्हांत उमटतो. वर्गणी भरून मिळणारी नियतकालिके वर्गणी थांबताच अनेकदा दुरावतात. विकत घेतलेला ग्रंथ मात्र कपाटात राहतो.

म्हणून प्रत्येक विहाराने व महाविद्यालयाने आपल्या परिसरातील अशा साहित्याची सूची करावी. स्कॅन करताना शीर्षक, वर्ष, मुद्रणालय व प्राप्तिस्थान यांची नोंद ठेवावी. प्रती किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मूळ कागद टाकून देऊ नये. 1924 मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालयांचाही समावेश होता आणि सभेचे वसतिगृह 1925 मध्ये सोलापुरातच उघडले. त्या वारशाचे जतन करण्याचे कार्य प्रथम याच जिल्ह्याकडे येते, आणि जीर्ण कागद फार काळ वाट पाहणार नाही.