चिखलातली दोन धातूंची जोडी

आषाढात कल्याणहून माळशेजच्या वाटेला लागलं की मुरबाडची खाचरं पाण्याने तुडुंब दिसतात; शहापूरकडेही तेच. लावणी होऊन महिना उलटला की बांधावरून चिखलात काठी खुपसून पाहावी. बुडबुडे येतात. त्यात मिथेन असतो. यातला बराचसा वायू मात्र बुडबुड्यांतून जात नाही, तर भाताच्या रोपातल्याच पोकळ ऊतींतून हवेत निसटतो.

तो बनवणारे सूक्ष्मजीव प्राणवायू नसलेल्या चिखलात राहतात. त्यांतले अनेक जण हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर गुजराण करतात, आणि हायड्रोजन फोडायला ज्या विकरावर (एन्झाइमवर) विसंबतात त्याच्या गाभ्यात दोन वेगळे धातू शेजारी बसलेले असतात: निकेल आणि लोखंड. अशा विकरांना हायड्रोजनेज हे नाव 1931 मध्येच पडलं होतं. आतली रचना दिसायला 1995 उजाडलं. एका गंधकजीवी जिवाणूतल्या अशाच विकराचा स्फटिक क्ष-किरणांखाली अभ्यासला गेला तेव्हा.

मग जे उलगडलं ते थक्क करणारं आहे. धातूला चिकटून बसणाऱ्या रेणूंना आणि आयनांना रसायनशास्त्रात लिगँड म्हणतात. इथे निकेलभोवती गंधकाचे चार अणू आहेत, त्यांपैकी दोन लोखंडालाही धरून आहेत. लोखंडावर आणखी काय? एक कार्बन मोनॉक्साइड आणि दोन सायनाइड! बंद खोलीतल्या शेगडीचा जीवघेणा वायू आणि जहाल विष, दोन्ही हा जीव स्वतःच्या पेशीत तयार करतो आणि लोखंडावर पक्के बसवतो. लोखंड थेट कार्बनशी जोडलेलं, म्हणजे हे अस्सल सेंद्रियधातू संयुगच.

कामाची वाटणीही स्पष्ट आहे. लोखंडावरचे हे तीन लिगँड जागचे हलत नाहीत. अदलाबदल होते ती दोन धातूंच्या मधल्या जागेत आणि निकेलच्या मोकळ्या बाजूला. विकर काम करत असताना मधल्या जागेत हायड्राइड, म्हणजे ऋणभारित हायड्रोजन, येतं-जातं. प्राणवायू लागला की तिथे हायड्रॉक्साइड ठाण मांडतं आणि काम थांबतं. ते पाणी होऊन निघून गेलं की पुन्हा सुरू. बाहेरून आलेला कार्बन मोनॉक्साइड मात्र लोखंडाकडे न जाता निकेलवर बसतो आणि हायड्रोजनची वाट अडवतो. प्रयोगशाळेत प्रकाशाचा झोत टाकून तो उठवताही येतो. एकच रेणू, पण एका धातूवर आधार आणि दुसऱ्यावर अडसर. दोन धातूंच्या संयुगांचं खरं मर्म इथेच आहे: कोणता लिगँड सुटेल हे जितकं त्या लिगँडवर, तितकंच धातूवर आणि त्याच्या शेजाऱ्यावर ठरतं.

मुरबाडपासून फार लांब नाही अशा पवईच्या आयआयटीत, पुढे इंदूर आयआयटीचे पहिले संचालक झालेले प्रदीप माथुर यांच्या गटाने 1980 च्या दशकापासून अशीच वेगवेगळ्या धातूंची एकत्र संयुगं घडवली. लोखंडाबरोबर मोलिब्डेनम किंवा टंगस्टन, त्यांना बांधणारे गंधक, सेलेनियम वा टेल्युरियमचे अणू, आणि भोवती कार्बन मोनॉक्साइड. त्यातला एखादा कार्बन मोनॉक्साइड काढून त्या जागी फॉस्फिन हा फॉस्फरसचा लिगँड बसवणं हे या क्षेत्रातलं रोजचं काम.

चिखलातल्या त्या विकराचा शेतीच्या पद्धतीशीही थेट संबंध आहे. चिखलणी केली, पाणी साठवलं, की मातीतला प्राणवायू संपतो आणि निकेल-लोखंडाच्या जोडीला मोकळं रान मिळतं. शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर टोकणलेलं भात हवेशीर मातीत वाढतं, आणि मिथेन बनवणाऱ्यांना हवा असलेला बिनहवेचा चिखल तिथे तयारच होत नाही.