आपला तो बाब्या!

आपल्या हातून दूध उतू गेलं, की नेमका तेव्हाच फोन आलेला असतो. सुनेच्या हातून गेलं, की तिचं कामात लक्षच नसतं! आपला मुलगा नापास झाला तर पेपर अवघड होता, शेजारणीचा झाला तर तो मुळातच उनाड. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण काही उगाच नाही पडली.

दुसऱ्याची परिस्थिती न बघता सगळा दोष त्याच्या स्वभावावर टाकायचा, या सवयीला अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये कारण शोधण्यातली 'मूलभूत चूक' म्हटलं. आपली अडचण आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्याचं मात्र फक्त वागणं दिसतं.

बचत गटांच्या कामात मला हे नेहमी आढळतं. एका गटातली एक जण सलग तीन बैठकांना आली नाही, हप्ताही थकला. 'ती पहिल्यापासून बेफिकीरच,' असं म्हणत तिचं नाव कमी करायचं घाटत होतं. म्हणजे शिलाई मशीनसाठीचं कर्जही गेलं असतं! गटाची सचिव तेवढी तिच्या घरी जाऊन आली. सासू अंथरुणाला खिळलेली, घरात दुसरं माणूस नाही, आणि बैठक नेमकी सासूला भरवायच्या वेळेला. बैठकीची वेळ बदलली. ती येऊ लागली, थकलेला हप्ताही भरला.

जोन मिलर या संशोधिकेने १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांची तुलना प्रसिद्ध केली. लहान मुलांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. मोठेपणी मात्र अमेरिकन माणसं स्वभावाकडे जास्त बोट दाखवत, म्हैसूरची माणसं परिस्थितीकडे. म्हणजे कारणं कुठे शोधायची, हे मूल आजूबाजूच्या मोठ्यांकडूनच शिकत असणार.

पण मैत्रिणींनो, परिस्थिती समजून घेणं म्हणजे अन्याय पोटात घालणं नव्हे. नवऱ्याने हात उचलला तर 'त्याला कामाचा ताण असतो', आणि बायको उलट बोलली तर 'ती तोंडाळच', हा कुठला न्याय? ताण काय तिला नसतो? आणि ताण असला म्हणून मारायची मुभा कुणालाच मिळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'ती अशीच आहे' हे शब्द ओठांवर आले, तर आधी 'तिचं काय अडलं असेल?' असं विचारून बघा. जमलं तर मुलांच्या देखत विचारा.