कुत्रा सुटला, लायसन्स नाही. आता जेल का?

तर मंडळी, ब्रुनो गेट उघडं दिसताच पळाला, खाली कुणाला तरी चावला, आणि महापालिकेचं लायसन्स काढलेलंच नाही. काय होईल?

इथे दोन वेगळी लफडी आहेत, मिक्स करू नका. लायसन्स नसणं हा महापालिकेचा विषय. चावणं हा पोलिसांचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागू आहे: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये इतकी काळजी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या आयपीसीत दंड १,००० होता. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. आणि नीट ऐका, या कलमात लायसन्सचा उल्लेखच नाही. म्हणजे लायसन्स असलं तरी सुटका नाही!

खरंच शिक्षा होते का? २०१० मध्ये मुंबईत नेपियन सी रोडवर एक रॉटवायलर चावला. तो गाडीत होता. दार उघडू नका म्हटल्यावरही मालकाने उघडलं. जानेवारी २०२३ मध्ये गिरगावच्या कोर्टाने ३ महिन्यांची कैद सुनावली. (इतकी वर्षं तारखा, हीच मला मोठी शिक्षा वाटते.)

मग लायसन्स कशाला? त्यासाठी रेबीजची लस द्यावी लागते. उद्या कुणी नुकसानभरपाईचा दावा लावला, तर काळजी घेतल्याचा निदान तेवढा कागद हातात असतो.

चावलाच असेल तर वकील नंतर. आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायला लावा, त्यांना दवाखान्यात न्या, आणि ब्रुनोवर १० दिवस लक्ष ठेवा.