घोरण्यामधली शांतता

आमच्या घरात ह्यांचं घोरणं हा तीस वर्षं विनोदाचा विषय होता. धाकटे दीर म्हणायचे, ‘दादा झोपला की घाट चढणाऱ्या एस.टी.ची आठवण येते.’ नणंदेच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये रात्री गाद्यांची रांग घातली, तेव्हा पाहुणेमंडळींनी एकमताने ह्यांची गादी उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली होती. सासूबाईंचं मत मात्र वेगळं. ‘घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय,’ असं त्या समाधानाने म्हणत. मलाही ते खरंच वाटायचं.

त्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती, की माझी झोप मोडायची ती आवाज थांबला की. सुरुवातीला वाटलं, वयामुळे माझीच झोप सावध झाली असेल. मग एका रात्री उठून बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोजायला लागले. दहा, पंधरा, बावीस. छाती हलत होती, पण नाकातोंडातून वारा नाही. मग घशातून काही तरी फाटल्यासारखा आवाज, अंगाला एक झटका, आणि एस.टी. पुन्हा सुरू. त्या आठवड्यात एकदा मी बत्तीसपर्यंत मोजलं. सकाळी विचारलं तर ह्यांना काहीच आठवत नव्हतं. ‘मस्त झोप झाली,’ म्हणाले, आणि पेपर वाचता वाचता खुर्चीतच पेंगायला लागले.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, हे आता पुष्कळांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून याच आजाराचं नाव सांगितलं आणि ते घरोघरी पोचलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. माणूस उताणा झोपला असेल, तर जीभ आणि पडजिभेच्या आसपासचा मऊ भाग आपल्याच वजनाने मागे सरकतो आणि हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना जी थरथर होते ते घोरणं. वाट पुरती मिटली की घोरणंही नाही आणि श्वासही नाही. असं दहा सेकंद किंवा त्याहून जास्त झालं की डॉक्टर ते मोजणीत धरतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, श्वास सुटतो, आणि पुन्हा तेच. सकाळी माणसाला याची आठवण नसते. रक्तदाब वाढतो, दिवसा डोळे मिटतात, ते सगळं यातूनच.

घोरणाऱ्या नवऱ्याच्या बायकोला यावरचा पहिला उपाय कुणी शिकवावा लागत नाही. कोपराने ढोसायचं आणि म्हणायचं, ‘अहो, कुशीवर व्हा.’ हेच शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी १९८४ मध्ये शास्त्रीय पद्धतीने मोजून मांडलं. कित्येक रुग्णांचा श्वास कुशीवर असताना जितक्या वेळा अडकतो, त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वेळा तो उताणं असताना अडकतो. आपल्याकडे जेवणानंतरच्या वामकुक्षीची कूस ठरवून दिलेली आहे. रात्रीचं मात्र ज्याचं त्याने बघायचं!

पण रात्रभर ढोसणार कोण? मग मी ह्यांच्या जुन्या बनियनला पाठीमागे खिसा शिवला आणि त्यात नातवाचा टेनिसचा चेंडू घातला. उताणं झालं की चेंडू टोचावा आणि माणसाने आपोआप वळावं, अशी ही युक्ती. अकरा रात्री चालली. बाराव्या दिवशी चेंडू नातवाच्या हातात आणि बनियन पुसण्याच्या कपड्यांत. ह्यांना तरी काय दोष द्यायचा? ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी या चेंडूवाल्या रुग्णांची काही वर्षांनी चौकशी केली, तेव्हा शंभरातले दहाही जण तो वापरत नव्हते, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

मग उशांचा प्रयोग. एकावर एक तीन उशा ठेवल्या. पण उशांनी फक्त मान मुडपते आणि हनुवटी छातीला टेकते. हवेची वाट मोकळी व्हायची ती उलट आवळली जाते. उंची द्यायची तर कंबरेपासून पाठीला द्यायला हवी, नाही तर अख्ख्या पलंगाला. म्हणून पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली तीन तीन विटा लावल्या. साधारण सात अंशांचा उतार झाला. सकाळी हे पायथ्याशी गोळा झालेले आणि चादर जमिनीवर.

मागच्या खोलीत सासूबाईंची कॉट होती. त्यांच्या शेवटच्या आजारात सर्जिकलच्या दुकानातून आणलेली लोखंडी फाउलर कॉट. पायाशी हँडल असतं. ते फिरवलं की पाठ वर येते, दुसरं फिरवलं की गुडघे उचलले जातात आणि माणूस खाली घसरत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला अर्धवट बसतं ठेवावं, असं सांगणाऱ्या अमेरिकन शल्यवैद्याचं नाव तिला मिळालं आहे. मी सुचवल्याबरोबर हे म्हणाले, ‘आईच्या कॉटवर मी झोपणार नाही.’ मी विषय सोडला. महिन्याभराने एका रात्री हे घुसमटून उठून बसले, घामाने भिजलेले. बराच वेळ खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘अगं, काढ ती कॉट.’

कॉटने चमत्कार केला, असं आम्हाला वाटलं. आवाज निम्म्यावर आला. मला झोप लागायला लागली. मोजणं मी बंद केलं. आमची चूक झाली ती इथे. आवाज कमी झाला म्हणजे श्वास अडकायचा थांबला, असं आम्ही धरून चाललो आणि डॉक्टरांनी सांगितलेली झोपेची तपासणी दीड वर्ष पुढे ढकलली.

त्या डिसेंबरात दिवेआगरहून परत येताना, भर दुपारी, ताम्हिणी घाटात गाडी चालवता चालवता ह्यांचा डोळा लागला. मी किंचाळले तोवर डावं चाक गटारात गेलं होतं. डावीकडे डोंगर होता. उजवीकडे काय होतं ते ताम्हिणी पाहिलेल्यांना सांगायला नको. मागच्या सीटवर नातू झोपलेला होता. त्याला जागही आली नाही.

पुढच्याच आठवड्यात तपासणी झाली. घरीच, त्याच कॉटवर, पाठ नेहमीसारखी उचलून. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. तासाला ३४ वेळा श्वासाची गडबड. पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या पुढे गेलं की तीव्र. मी कॉटची बाजू घेऊ लागले तेव्हा डॉक्टरांनी ब्राझीलमधला २०१७ सालचा एक अभ्यास सांगितला. पलंगाची डोक्याकडची बाजू साडेसात अंश उचलली, तर रुग्णांचा तासाचा मधला आकडा १५.७ वरून १०.७ वर आला. म्हणजे सुमारे एक तृतीयांश घट. ‘ज्याचे पंधराचे दहा होतात, त्याला हे मोठंच औषध आहे. पण तुमचे पन्नासाचे चौतीस झाले असतील, तर त्यात काय साधलं?’ मला उत्तर नव्हतं.

मुलगा मध्यंतरी विजेच्या पलंगाच्या मागे होता. रिमोटचं बटण दाबलं की पाठ उचलणारा, जाहिरातीत घोरणं थांबवणारा. पलंग वाईट नव्हे. रात्री आंबट पाणी वर येणाऱ्याला, पाठदुखीवाल्याला, सौम्य त्रास असणाऱ्याला त्याचा आराम पडेल. पण तो घ्यायचा तपासणीचा आकडा हातात आल्यावर, आधी नव्हे. आमची दीड वर्षं एका लोखंडी कॉटने खाल्ली. रिमोटच्या पलंगाने कदाचित पाच खाल्ली असती!

ह्यांना शेवटी यंत्र लागलं, सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणलेलं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा सततचा दाब येतो आणि घसा मिटत नाही. पहिले पंधरा दिवस मास्क उशाखाली सापडायचा. नाक कोरडं पडायचं, पट्ट्याचे वळ गालावर उठायचे. मास्क दोनदा बदलला तेव्हा कुठे जमलं. नातवाला वाटतं, आजोबा रात्री विमान चालवतात. हल्ली पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो, अग्रलेखावर वादसुद्धा घालतात.

कॉट अजून आहे. उचललेल्या पाठीवर ह्यांना यंत्रही सोसतं. रोज रात्री हँडलला नऊ फेरे मी देते. परवा ह्यांनी मास्क लावता लावता विचारलं, ‘आईला किती द्यायचीस?’

‘बारा,’ मी म्हटलं. दिवा मालवला. यंत्राचा आवाज पंख्याहूनही कमी आहे. बराच वेळ मी त्या शांततेत सवयीने आकडे मोजत पडून होते. चार-पाचच्या पुढे काही जाता येईना. दर वेळी तोवर पुढचा श्वास आलेला असायचा.