विश्लेषण : पॅलेटवरची प्लास्टिक फिल्म ताणल्यावरच मजबूत का होते?

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून निघणारी पोलादाची कॉइल साखळ्यांनी जखडलेली असते. जवळच्या गोदामांतून निघणारी खोक्यांची थप्पी मात्र बहुतेकदा निव्वळ पारदर्शक फिल्मच्या भरवशावर द्रुतगती मार्गाला लागते. या फिल्मची जाडी साधारण २० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा बरीच कमी. बोरघाटाच्या वळणावर माल सरकू न देण्याचे काम ती कसे करते आणि कधी दगा देते?

ताणल्यावर आत काय घडते?

स्ट्रेच फिल्म पॉलिथिलिनच्या एका प्रकारापासून बनते. त्यातील लांबच लांब रेणूसाखळ्या शेवयांच्या गुंत्यासारख्या असतात. फिल्म ओढली की साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ होऊ लागतात. आता भार गुंत्यावर नाही, तर साखळीतील कार्बनच्या पक्क्या बंधांवर येतो. म्हणून त्या दिशेने ताकद वाढते. शिवाय साखळ्यांना पुन्हा आक्रसायचे असते. ही आक्रसण्याची ओढच थप्पीला आवळून धरते.

मग जितके ताणू तितके चांगले?

नाही. गुंडाळणारे यंत्र एक मीटर फिल्मची तीन ते साडेतीन मीटर करते. हाताने एवढा ताण देता येत नाही, त्यामुळे फिल्म जास्त लागते आणि पकड सैल राहते. उलट मर्यादेपलीकडे ओढलेल्या फिल्ममध्ये लांबण्याची ताकद उरत नाही. खोक्याचा कोपरा टोचला की ती उभी फाटत जाते. दुसरी अडचण वेळेची. गुंडाळल्यानंतर पहिल्या काही तासांतच साखळ्या एकमेकींवरून हळूहळू सरकतात आणि ताण उतरतो. उन्हात हे आणखी वेगाने होते. संध्याकाळी घट्ट वाटलेली थप्पी रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये सकाळी तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. घाटाआधी एकदा हात लावून पाहणे शहाणपणाचे.

एका दिशेची ताकद, दुसऱ्या दिशेचे काय?

खोक्यांना बांधायची प्लास्टिकची पट्टी घ्या. ती लांबीच्या दिशेने तुटता तुटत नाही, पण उभी मात्र सुतळीसारखी सहज चिरते. आडव्या दिशेने साखळ्यांना धरून ठेवणारे फारसे काही उरलेले नसते. तीच पट्टी जोरात वाकवली की घडीवर पांढरी पडते. तेथे सूक्ष्म पोकळ्या तयार होऊन प्रकाश विखुरतो.

यावर उपाय म्हणजे दोन्ही दिशांना ताणणे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये गरवारेंच्या कारखान्यात बनणारी पॉलिएस्टर फिल्म याच जातीची. तापवलेला पत्रा आधी लांबीत, मग रुंदीत प्रत्येकी तीन-चार पट ताणतात आणि २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तो ताण पक्का करतात. ताणताना बनणारे स्फटिक प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान असल्याने फिल्म पारदर्शक राहते. हेच पॉलिएस्टर न ताणता नुसते हळूहळू थंड केले तर दुधी होते.

पाण्याच्या बाटलीत उकळते पाणी ओतल्यावर ती का आक्रसते, याचेही उत्तर येथेच आहे. बाटली ताणून फुगवलेली असते आणि उष्णतेने ती ओढ मोकळी होते.

प्रकाशाशी काय संबंध?

साखळ्या एका दिशेने लागल्या की प्रकाशाचा वेग दिशेनुसार बदलतो. एडविन लँड यांनी १९३८ मध्ये ताणलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या फिल्मला आयोडीन देऊन ध्रुवक बनवला. आजच्या एलसीडी पडद्यांतही तेच तत्त्व वापरतात.

घरी पाहायचे असेल तर लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा, त्यासमोर पारदर्शक चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावलेली काच धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहा. गॉगल फिरवला की पट्टीत रंग उमटतात आणि बदलतात. कारखान्यांत फिल्म सगळीकडे सारखी ताणली गेली आहे का, हे याच पद्धतीने तपासता येते.